हुकूमनाम्यांच्या गावांना : इस्तंबूल, इझमित, इझनिक

शनिवार, इस्तंबूल

रोमन सत्ता आणि सुरुवातीचे ख्रिस्ती म्हटलं की बहुतेक जण रोमचं तिकीट काढतात. आम्ही दोघी बहिणींनी मुद्दाम तुर्कस्तान निवडलं. कारण हे नातं ज्या कागदांवर घडलं आणि बिघडलं, त्यातले मोठे कागद मार्मारा समुद्राच्या पूर्वेकडच्या एका छोट्या पट्ट्यात भिंतींवर लागले. त्या काळी हा बिथिनिया प्रांत. प्लिनी हा रोमन अधिकारी इथला गव्हर्नर होता. चर्च पाडायचा हुकूम सम्राट डायोक्लेशनने ३०३ साली इथल्या निकोमीडियात काढला. तो मागे घेतल्याचा जाहीरनामा ३११ साली त्याच शहरात लागला, आणि जप्त झालेल्या जागा परत करण्याचा आदेश ३१३ साली तिथेच. मग ३२५ मध्ये डोंगरापलीकडच्या निकियात सम्राट कॉन्स्टंटाईनने बिशपांची परिषद भरवली. निकोमीडिया म्हणजे आजचं इझमित आणि निकिया म्हणजे इझनिक. वसईला आमच्या चर्चमध्ये दर रविवारी उभं राहून आम्ही जी श्रद्धा जाहीर म्हणतो, तिचा धागा या इझनिकपर्यंत जातो. धाकटीने या गावाचा ध्यास कॉलेजपासून घेतला होता.

दुपारी सामान टाकलं आणि ट्रॅमने चेंबेर्लिताशला गेलो. रस्त्याच्या कडेला, कबुतरांच्या गराड्यात, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला एक जांभळट दगडी खांब उभा आहे. हा कॉन्स्टंटाईनचा स्तंभ. ११ मे ३३० रोजी त्याने आपली नवी राजधानी कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, थाटामाटात सुरू केली, तेव्हा या खांबाच्या माथ्यावर त्याचा स्वतःचा पुतळा होता, डोक्याभोवती सूर्यासारखे किरण असलेला. ११०६ च्या वादळात तो पुतळा कोसळला. परिषद भरवून पाच वर्षं झाली होती, ख्रिस्ती चर्चना तो हात सैल सोडून पैसे देत होता, आणि तरी शहराच्या मधोमध उभा राहिला तो सूर्यदेवाच्या रूपात. मला यात लबाडी दिसत नाही. प्रजेतले बहुसंख्य लोक अजून जुने देव मानणारे होते आणि सम्राट सगळ्यांचा होता. रोमच्या जुन्या धर्माचा प्रमुख पुरोहित हा किताबही त्याने शेवटपर्यंत सोडला नाही.

आयासोफिया हे इथलं जुनं मोठं चर्च, आता मशीद. तिथे परदेशी पर्यटकांना आता वरच्या सज्जात २५ युरोचं तिकीट आहे. बाहेर पडतानाच्या दालनात दाराच्या वर जे मोझेक आहे, त्याच्यासाठी मान वर करून थांबा. मधे बाळ येशूला घेतलेली मरिया, एका बाजूला तिला चर्च अर्पण करणारा सम्राट जस्टिनियन, दुसऱ्या बाजूला शहर अर्पण करणारा कॉन्स्टंटाईन. हे दहाव्या शतकातलं काम. तोवर कॉन्स्टंटाईन पूर्वेच्या चर्चमध्ये संत झाला होता.

रविवार, इस्तंबूल

इस्तिकलाल रस्त्यावरच्या सेंट अँथनी चर्चमध्ये इंग्रजी मिस्सा (रविवारची उपासना) मिळाली. आफ्रिकेतले, फिलिपिन्सचे, केरळचे लोक आणि आम्ही. श्रद्धेचा अंगीकार म्हणताना धाकटीने माझ्याकडे पाहिलं, कारण उद्यापासून आमचा प्रवास त्या शब्दांच्या उलट्या दिशेने होता. मिस्सेतला हा पाठ जसाच्या तसा ३२५ चा नाही. तो ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेचा मानला जातो. निकियाचा मूळ पाठ आखूड आहे, 'आणि पवित्र आत्म्यावर' इथे तो संपतो आणि पुढे लगेच, अमुक अमुक म्हणणाऱ्यांना चर्च बहिष्कृत करते, अशी यादी येते.

मग फेरीने काडिकोय. जुनं खाल्सेडॉन. इथे ३०३ साली युफेमिया नावाच्या मुलीने रक्तसाक्ष दिली, म्हणजे श्रद्धेपायी जीव दिला, असं परंपरा सांगते, आणि ४५१ ची महापरिषद तिच्याच चर्चमध्ये भरली. आज बाजाराच्या गर्दीत तिच्या नावाचं एक छोटं ऑर्थोडॉक्स चर्च आहे. मेणबत्ती लावली, निघालो.

उस्कुदारच्या धक्क्यावर चहा घेतला तो मात्र सावकाश. या किनाऱ्याला तेव्हा क्रायसोपोलिस म्हणत. १८ सप्टेंबर ३२४ रोजी इथे कॉन्स्टंटाईनने पूर्वेचा सम्राट लिसिनियस याला हरवलं आणि पूर्व-पश्चिम दोन्हीकडचा एकटा धनी झाला. हा लिसिनियस त्याच्या सावत्र बहिणीचा, कॉन्स्टँशियाचा, नवरा. ती भावाकडे गेली आणि तिने नवऱ्यासाठी जीवदान मागितलं. कॉन्स्टंटाईनने वचन दिलं, आणि वर्ष उलटायच्या आत त्याला ठार केलं. निकियाची परिषद भरवणारा माणूस हाच, हे मी तिथे जायच्या आधी मनात नीट ठेवून घेतलं.

सोमवार, इझमित

सकाळच्या रेल्वेने इझमित. इस्तंबूलपासून साधारण १०० किलोमीटर. डावीकडे कारखाने, उजवीकडे आखात. गाडीत मी धाकटीला डेशियसच्या दाखल्यांबद्दल सांगत होते. २४९ च्या अखेरीस डेशियस या सम्राटाने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी द्यावा आणि तसा दाखला सरकारी मंडळाकडून घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून जास्त पपायरस दाखले टिकून राहिले. सगळ्यांचा मसुदा जवळपास एकच. मी नेहमीच देवांना बळी देत आले आहे, आत्ताही तुमच्यासमोर हुकमाप्रमाणे द्राक्षारस वाहिला, बळीचा प्रसाद चाखला, तरी आपण खाली सही करावी ही विनंती. पुढे अर्जदाराचं नाव, गाव, वय, अंगावरच्या व्रणाची खूण.

"म्हणजे ख्रिस्ती आहेस का, असं विचारतच नव्हते?" धाकटीने विचारलं.

नव्हते विचारत. डेशियसला साम्राज्य संकटात दिसत होतं आणि देवांची मर्जी राखायला सगळी प्रजा एकत्र हवी होती. ख्रिस्ती माणूस कोंडीत सापडायचा तो त्या दाखल्यापाशी. कितीकांनी बळी दिला, कितीकांनी चिरीमिरी देऊन नुसता कागद मिळवला, काही पळाले, काही तुरुंगात मेले. छळ सरल्यावर बळी देणाऱ्यांना चर्चमध्ये परत घ्यायचं की नाही, यावरून चर्च दुभंगलं. मला त्या कागद विकत घेणाऱ्यांबद्दल कधी तुच्छता वाटली नाही. घरात लहान मुलं असतील, दारात शिपाई उभा असेल, तर आपण काय केलं असतं हे कुणी छातीठोकपणे सांगू नये.

इझमितला उतरल्यावर पहिली खरेदी पिश्मानियेची. इथली प्रसिद्ध मिठाई, तोंडात टाकली की आपली सोनपापडीच. डबा घेऊन आखाताच्या काठावर बसलो आणि प्लिनीची पत्रं वाचली.

प्लिनी साधारण १११ च्या सुमारास सम्राट ट्रेजनचा खास प्रतिनिधी म्हणून या प्रांतात आला. गावोगावचे हिशेब तपासणं हे त्याचं मुख्य काम. निकोमीडियाला मोठी आग लागली, खूप घरं आणि दोन सार्वजनिक इमारती जळाल्या. लोक नुसते बघत उभे होते, शहरात एक पंप नव्हता की एक बादली. प्लिनीने ट्रेजनला लिहिलं, फक्त १५० जणांचं अग्निशामक मंडळ काढू का? सगळे त्याच धंद्यातले असतील, मी लक्ष ठेवीन. ट्रेजनने सरळ नकार दिला. या प्रांतात अशाच मंडळांनी घोळ घातलेत, त्यांना नाव काहीही द्या, एकत्र जमलेली माणसं लवकरच राजकीय टोळी बनतात. साधनं पुरवा, मालकांनी आपली घरं विझवावीत.

ख्रिस्ती लोकांविषयीचं प्रसिद्ध पत्र यानंतर वाचलं की त्याचा अर्थ लागतो. ते पत्र त्याने बहुधा पूर्वेकडच्या पाँटस भागातून ११२ च्या आसपास लिहिलं. त्यात तो सांगतो की त्याने मंडळांवर बंदी घातल्यावर ख्रिस्ती लोकांनी आपलं एकत्र जेवण बंद केलं होतं. ठरलेल्या दिवशी पहाट व्हायच्या आत जमायचं, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणायचं, चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घ्यायची, हा त्यांचा सगळा गुन्हा. खात्री करून घ्यायला त्याने दोन दासींना यातना दिल्या. या दासींना ख्रिस्ती मंडळीत सेविकेचं पद होतं. त्यांची नावं त्याने लिहिली नाहीत. मी ते वाक्य दरवेळी वाचते आणि दरवेळी तिथे अडते. सम्राटाला हिशेबाची पै न् पै कळवणारा हा सुसंस्कृत माणूस. त्याने दोन बायकांना छळलं आणि निष्कर्ष काढला, यात काही नाही, एक अतिरेकी अंधश्रद्धा आहे इतकंच.

तीनदा विचारूनही 'मी ख्रिस्ती आहे' म्हणणाऱ्यांना त्याने मृत्युदंड दिला. ते काय मानतात हा पुढचा प्रश्न, अधिकाऱ्यासमोरचा हट्टच शिक्षेला पुरेसा आहे, असं तो लिहितो. ट्रेजनचं उत्तर आखूड. त्यांना हुडकत फिरू नका. समोर आले आणि सिद्ध झालं तर शिक्षा करा. देवांची पूजा करून नाकारलं तर सोडून द्या. आणि निनावी तक्रारी घेऊ नका, ते आपल्या काळाला शोभत नाही. पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं बहुतेक गव्हर्नर याच चाकोरीतून गेले. छळ होत होता, पण इथे-तिथे, कुणाच्या फिर्यादीवरून, जमावाच्या रागातून. मधली वर्षंच्या वर्षं शांततेची होती. शाळेत आम्हाला ख्रिस्ती लोकांना सिंहांपुढे टाकल्याच्याच गोष्टी सांगितल्या. या पत्रांमधली सरकारी थंडी मला त्याहून जास्त अंगावर येते.

मंगळवार, इझमित ते इझनिक

इझमित आखातावरून एकदम चढत जातं. जुन्या वस्तीच्या गल्ल्या चढताना गुडघे बोलायला लागतात. १७ ऑगस्ट १९९९ च्या भूकंपाने हे शहर आणि शेजारचं गोल्जुक उद्ध्वस्त केलं, सतरा हजारांहून जास्त माणसं गेली. त्या भूकंपानंतरच चुकुरबा या भागात, पडलेल्या घरांच्या जागी, रोमन काळातल्या एका भव्य इमारतीचे अवशेष उघडे पडले. चारी बाजूंनी अपार्टमेंट, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, आणि मधल्या खड्ड्यात डायोक्लेशनच्या राजधानीचा तुकडा.

तिथून निघालेली शिल्पं जुन्या रेल्वे स्टेशनच्या आवारातल्या संग्रहालयाकडे आहेत. जेमतेम हातभर ते मीटरभर उंचीचे संगमरवरी पट्टे, आणि त्यांच्यावर रंग अजून आहे! एका पट्ट्यात दोन सम्राट रथातून उतरून एकमेकांना मिठी मारताहेत, डायोक्लेशन आणि त्याचा सहसम्राट मॅक्सिमियन. झग्यांचा जांभळा रंग दगडात मुरलेला. मी नाक काचेला लागेपर्यंत वाकले. गालाला गाल लागलेत, हात एकमेकांच्या पाठीवर आहेत. साम्राज्य एकजूट आहे हे प्रजेला दाखवण्यासाठी कोरलेली ही मिठी. एकी हे या माणसाचं वेड होतं, सैन्यात, करात, बाजारभावात. धर्मात तरी ते कसं सुटेल?

२८४ साली या शहराबाहेरच्या टेकाडावर सैन्याने डायोक्लेशनला सम्राट केलं आणि १ मे ३०५ रोजी त्याच ठिकाणी त्याने सम्राटपदाचा जांभळा झगा उतरवून ठेवला. मधल्या काळात निकोमीडिया ही त्याची राजधानी. जवळजवळ वीस वर्षं त्याने ख्रिस्ती लोकांना हात लावला नाही. त्याच्या वाड्यात ख्रिस्ती नोकर होते, बायको प्रिस्का आणि मुलगी व्हॅलेरिया यांचाही ओढा तिकडे असावा. वाड्यासमोर उंचावर चर्च दिसत होतं. त्याचा कनिष्ठ सहसम्राट गॅलेरियस मात्र मागे लागला होता. म्हाताऱ्याने डिडिमाच्या अपोलोला कौल लावला, आणि कौल गॅलेरियसच्या बाजूने पडला.

पुढचं आपल्याला सांगतो लॅक्टँशियस. हा आफ्रिकेतला लॅटिनचा अध्यापक, खुद्द डायोक्लेशनने निकोमीडियाला नेमलेला, आणि ख्रिस्ती. २३ फेब्रुवारी ३०३, सीमादेवतेच्या सणाचा दिवस. पहाटे अधिकारी चर्चवर गेले, दारं फोडली, देवाची मूर्ती शोधू लागले. मूर्ती कुठली सापडायला? ग्रंथ मिळाले, ते जाळले. दोघे सम्राट वाड्यातून बघत होते. गॅलेरियस म्हणे आग लावा. डायोक्लेशन म्हणे नको, शेजारची मोठी घरं पेटतील. ट्रेजनने ज्या शहराला बंबवाले नाकारले, त्याच शहरात दोनशे वर्षांनी ही चर्चा. शेवटी कुऱ्हाडी घेऊन पहारेकरी पाठवले आणि काही तासांत चर्च जमीनदोस्त झालं.

दुसऱ्या दिवशी हुकूम भिंतीवर लागला. चर्च पाडा, ग्रंथ जाळा, ख्रिस्ती अधिकाऱ्यांचे हुद्दे काढा, कोर्टात त्यांची फिर्याद घेऊ नका. एका माणसाने भरचौकात तो फाडला आणि म्हणाला, वा, आणखी एक गॉथ-सार्माशियनांवरचा विजय! (गॉथ आणि सार्माशियन या सीमेपलीकडच्या शत्रू टोळ्या.) त्याला जिवंत जाळलं. मग वाड्यात आगी लागल्या, संशय ख्रिस्ती नोकरांवर गेला, बिशप अँथिमसचं डोकं उडवलं, प्रिस्का आणि व्हॅलेरियाला बळी द्यायला लावलं.

चर्चची ती उंच जागा नेमकी कोणती ते आता दाखवता येत नाही. पण इझमितच्या कुठल्याही चढावर उभं राहून खाली बघितलं की चित्र डोळ्यांपुढे येतं, कारण इथे प्रत्येक घराला दुसऱ्याचं छप्पर दिसतं.

याच शहरात ३० एप्रिल ३११ ला दुसरा कागद लागला. गॅलेरियस असाध्य रोगाने अंथरुणाला खिळला होता. तो म्हणतो, आम्ही जुने कायदे परत आणायला बघत होतो, पुष्कळांनी हट्ट सोडला नाही, आणि आता हे लोक आमच्या देवांनाही पूजत नाहीत की स्वतःच्या देवालाही. म्हणून त्यांनी पुन्हा ख्रिस्ती व्हावं, आपली जमण्याची ठिकाणं बांधावीत, सुव्यवस्था मोडू नये. आणि आमच्यासाठी, राज्यासाठी, स्वतःसाठी आपल्या देवाजवळ प्रार्थना करावी. काही दिवसांत तो वारला. छळाचा मुख्य सूत्रधार ज्यांना चिरडू शकला नाही त्यांच्याकडे प्रार्थना मागतो आहे, हे वाचताना मला त्याचीही दया येते.

आणि १३ जून ३१३ ला तिसरा कागद. लिसिनियसने गव्हर्नरला पाठवलेलं पत्र, ज्याला सगळे मिलानचा जाहीरनामा म्हणतात, कारण त्यातलं धोरण त्याने आणि कॉन्स्टंटाईनने मिलानला ठरवलं. प्रत्येकाला आपल्या पसंतीचा धर्म पाळायची मोकळीक. ख्रिस्ती लोकांच्या जप्त जागा सरकारने घेतल्या असोत की कुणी विकत घेतल्या असोत, पैसे न मागता परत करायच्या, नुकसानभरपाईसाठी सरकारकडे अर्ज करायचा. नुसत्या माणसांच्या खासगी जागा नव्हेत, ख्रिस्ती मंडळीच्या मालकीच्या जागा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. माझ्या मते खरी उलथापालथ या ओळीत आहे. १५० बंबवाल्यांची संघटना ज्या राज्याला खपली नव्हती, त्या राज्याने सम्राटापेक्षा वेगळी निष्ठा असलेल्या एका संघटनेला कायद्याने मालक मानलं.

दुपारी बस, मग ओरहानगाझीहून डोलमुश, म्हणजे इथली वडाप. डोंगर ओलांडला आणि खाली तळं पसरलं. काठाने ऑलिव्हच्या बागाच बागा. इझनिकला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली.

बुधवार, इझनिक

गावाभोवती जवळजवळ पाच किलोमीटरचा तट अजून शाबूत आहे. गाव मावूनही तटात जागा उरते, आत चक्क शेतं आहेत. सकाळी उत्तरेच्या इस्तंबूल वेशीपासून सुरुवात केली. तटात बसवलेले मोठाले दगडी नाटकी मुखवटे, तोंडं वासलेली. पूर्वेच्या लेफ्के वेशीवर सम्राट हेड्रियनचं नाव कोरलेलं. ट्रॅक्टर त्याखालून जातात.

नैर्ऋत्येला रोमन नाट्यगृह. प्लिनीने याच्याबद्दलही तक्रार केली होती. एक कोटी सेस्टर्सच्या (रोमन नाण्यांच्या) वर पैसा गिळलाय, तरी अपुरंच, आणि जमीन ओली म्हणा की दगड कच्चा म्हणा, इमारत खचतेय, भेगा पडताहेत. सपाट जमिनीवर बांधल्यामुळे बैठकींखाली कमानींच्या ओळी घालाव्या लागल्या, त्या अजून बघायला मिळतात. कमानीत हात घातला तर दगड गार आणि दमट. प्लिनीचा संशय बरोबर होता असं वाटलं.

गावाच्या मधोमध आयासोफिया, आता मशीद. बूट काढून आत गेलो. मार्गदर्शक इथे ३२५ ची परिषद झाली असं सांगून टाकतात. इथे भरली ती ७८७ ची परिषद, प्रतिमांच्या वंदनाबद्दलची. ३२५ ची भरली सम्राटाच्या वाड्यात, आणि तो वाडा अजून सापडलेला नाही.

म्हणून आम्ही तळ्याकडे गेलो. २०१४ मध्ये विमानातून घेतलेल्या फोटोंत काठाजवळच्या पाण्याखाली एका बॅसिलिकेची, म्हणजे जुन्या घाटाच्या मोठ्या चर्चची, आकृती दिसली. ७४० च्या भूकंपात ती खचली असावी. ३०३ च्या छळात मारला गेलेला सोळा वर्षांचा निओफायटस, त्याच्या स्मरणार्थ ती बांधली असं संशोधक मानतात. तळ्याचं पाणी हटत गेलं तसे पायाचे दगड उघडे पडले. लांबट सभागृह आणि टोकाला अर्धगोल, इतकं काठावरून स्वच्छ कळतं. २८ नोव्हेंबर २०२५ ला पोप लिओ चौदावे आणि ऑर्थोडॉक्स चर्चचे पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी इथेच काठावर, परिषदेच्या १७०० व्या वर्षी, एकत्र प्रार्थना केली. धाकटी बराच वेळ काठावर बसून होती. मी वही काढली.

परिषदेला किती बिशप आले? परंपरा ३१८ म्हणते, तिथे हजर असलेला सिझेरियाचा बिशप युसेबियस अडीचशेहून जास्त म्हणतो. ते आले सरकारी टपालाच्या गाड्यांतून, सरकारी खर्चाने. थोडी वर्षं आधी याच सडकांवरून त्यांना बेड्या घालून नेत होते. पॅफ्नुटियसचा एक डोळा छळात काढलेला होता. निओसिझेरियाच्या पॉलचे हात तापल्या लोखंडाने लुळे केलेले. कॉन्स्टंटाईन जांभळ्या झग्यात आत आला, छोट्या सोनेरी आसनापाशी थांबला, आणि बिशपांनी खूण केल्यावरच बसला. पुढे त्याच्या कारकिर्दीच्या विसाव्या वर्षाची मेजवानी झाली, तेव्हा बिशप उपसलेल्या तलवारींच्या रांगेतून निर्भयपणे आत गेले. युसेबियस लिहितो, ख्रिस्ताच्या राज्याचं चित्रच पाहतोय असं वाटलं.

त्या माणसांना हसायचा मला अधिकार नाही. ज्यांच्या अंगावर तलवारीचे घाव होते, त्यांनी त्या तलवारी सलामीला उभ्या पाहिल्या. मीही रडले असते.

पण त्याच परिषदेत एरियस या अलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूच्या बाजूने राहून सही नाकारणाऱ्या दोन बिशपांना आणि खुद्द एरियसला सम्राटाने हद्दपार केलं. पुत्र हा पित्याइतकाच देव आहे की पित्याने निर्माण केलेला, हा वाद. एरियसचं म्हणणं दुसरं. चर्चने बहिष्कृत करणं निराळं, गाडीत बसवून दूर बाल्कनमधल्या इलिरियाला धाडणं निराळं. पुढे काही वर्षांत सम्राटाने एरियसचे ग्रंथ जाळायचा हुकूम काढला, आणि जो लपवेल त्याला मृत्युदंड. ग्रंथ जाळायचा हुकूम! ३०३ मध्ये स्वतःचे ग्रंथ सोपवायला नकार देऊन मेलेल्यांची भावंडं तेव्हा जिवंत होती.

"पण ताई, एरियस चुकीचाच होता ना?" धाकटीने विचारलं.

आमच्या श्रद्धेप्रमाणे चुकीचाच. निकियाने मांडलेलं सत्य मी दर रविवारी मनापासून म्हणते. माझी तक्रार शिपायाबद्दल आहे. ट्रेजन जमणाऱ्या माणसांना भीत होता, डायोक्लेशनने त्यांची जमायची जागा पाडली, लिसिनियसने ती परत दिली, आणि कॉन्स्टंटाईन त्या सभेत येऊन बसला. प्रत्येकाला हवी होती ती राज्याची एकी आणि वरून कृपा. सभेला कुणी बोलावलं आणि शिक्षा कुणी दिली हे ठरलं की पुढचा वादही तिकडेच जातो. धाकटीला हे पूर्ण पटलं नाही. तिचं म्हणणं, सम्राटाने बोलावलं नसतं तर इतक्या दूरदूरचे बिशप एका छताखाली आलेच नसते. तेही खरं आहे.

रात्री तळ्यातले मासे, भाजलेली वांगी, आणि वाद तसाच चालू.

गुरुवार, परतीचा रस्ता

यालोवाच्या बाजूने परत. तोप्चुलारहून मोटारींच्या बोटीने आखात ओलांडताना हेर्सेकचं टोक दिसतं, ओस्मानगाझी पुलाच्या खांबांजवळ. तिथे ड्रेपॅनम होतं. कॉन्स्टंटाईनने आईच्या नावाने त्याचं हेलेनोपोलिस केलं. अँटिओकचा विद्वान धर्मगुरू ल्युशन ३१२ मध्ये निकोमीडियात मारला गेला, त्याची कबर इथे. ३३७ च्या वसंतात आजारी कॉन्स्टंटाईन गरम झऱ्यांवर गेला, मग या रक्तसाक्ष्याच्या चर्चमध्ये गुडघे टेकले, आणि निकोमीडियाच्या वेशीबाहेरच्या वाड्यात त्याने बाप्तिस्मा घेतला. तोवर तो ख्रिस्ती मंडळीचा रीतसर सदस्यही नव्हता. त्यानंतर जांभळा झगा त्याने पुन्हा घातला नाही, पांढराच ठेवला. २२ मे ला वारला.

बाप्तिस्मा दिला निकोमीडियाच्या बिशप युसेबियसने. सिझेरियाचा तो वेगळा, हा वेगळा. हा एरियसचा पाठीराखा. निकियानंतर सम्राटाने यालाही हद्दपार केलं होतं, मग परत बोलावलं. दरम्यान निकियाच्या बाजूचा खंदा अथनेशियस, अलेक्झांड्रियाचा बिशप, त्याला ३३५ मध्ये आजच्या जर्मनीतल्या त्रिअरला हद्दपार केलं होतं. कोण शुद्ध आणि कोण भ्रष्ट, हे आता दरबारात कुणाचं चालतं त्यावर अवलंबून. अथनेशियस पुढे वेगवेगळ्या सम्राटांकडून एकूण पाचदा देशोधडीला लागला.

बोटीवर वारा सुटला होता. धाकटी त्रिअरबद्दल विचारत राहिली, कारण माझ्या वहीत ते नाव दोनदा होतं. दुसऱ्यांदा ते ३८५ च्या सुमाराला येतं. स्पेनचा बिशप प्रिसिलियन याच्या विरोधात काही बिशपच सम्राट मॅक्सिमसच्या कोर्टात गेले. जादूटोण्याचा आरोप ठेवून सम्राटाने त्याचं डोकं त्रिअरमध्ये उडवलं. ख्रिस्ती राज्याने पाखंडी ठरवून मारलेला हा पहिला माणूस. तूरचा बिशप मार्टिन तिथे जाऊन सम्राटापुढे हात जोडून आला होता, याला चर्चमधून काढलंत ते पुरे, रक्त सांडू नका. मिलानच्या अँब्रोझनेही त्या फिर्यादी बिशपांशी संबंध तोडले. मी त्यांना मानते. आम्ही दोघींनी बोटीवरच ठरवून टाकलं, पुढच्या सुट्टीत त्रिअर.